बाणाचे टोक निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवे बाण घेताना बहुतेक जण शाफ्टचा, म्हणजे बाणाच्या दांड्याचा, रंग बघतात, पिसे बघतात आणि टोक दुकानदार देईल ते घेतात. आमची विनंती आहे, आधी टोक ठरवा.

टोकाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. वीस ग्रेनचा फरक हाताला कळतही नाही, पण बाणाला कळतो. दोरीतून सुटताना बाण वाकतो आणि टोक जितके जड तितका जास्त वाकतो. त्यामुळे ८० ग्रेनच्या जागी १०० ग्रेनचे टोक लावले की तोच शाफ्ट मऊ असल्यासारखा वागतो आणि उजव्या हाताने रिकर्व्ह धनुष्य चालवणाऱ्याचे बाण उजवीकडे सरकू लागतात. पालकांना वाटते मुलीचा रिलीज, म्हणजे दोरी सोडणे, बिघडला. तिला बोलण्याआधी टोके तपासा. उलट टोक फारच हलके असेल तर पुढचा भार कमी पडून बाण डगमगतो; ७० मीटरवर वारा असताना हे फार जाणवते. एका संचातली सगळी टोके एकाच वजनाची हवीत, यात तडजोड नको.

शिकणाऱ्यांनी आट्यांचे टोक घ्यावे. वजन बदलून पाहता येते. मात्र ते ढिले होते, म्हणून बाण उपटल्यावर दर वेळी बोटाने आवळा. स्पर्धेसाठी चिकटवलेलेच बरे. ते काढताना ज्योत फक्त टोकाला दाखवा, कार्बनच्या शाफ्टला नाही. तापलेला शाफ्ट आतून कमजोर होतो आणि पुढे दोरीवर फुटला तर हातात घुसतो. जमत नसेल तर दुकानात आणा.

व्हिडिओ पाहून काही जण पात्यांच्या टोकांविषयी विचारतात. अमेरिकेत परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार करतात, त्यासाठी ती असतात. स्थिर पात्याचे टोक मजबूत, पण पाती वारा धरतात, म्हणून धनुष्य अचूक जुळवलेले लागते. उघडणाऱ्या पात्याचे टोक साध्या टोकासारखे सरळ जाते. पाती आदळल्यावर उघडतात आणि त्यात बाणाचा थोडा जोर खर्च होतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे. येवल्याजवळ ममदापूरला माळावर काळविटे चरतात, ती तशीच चरत राहावीत असे आम्हाला मनापासून वाटते. ही टोके आम्ही ठेवत नाही, मागवूनही देत नाही. सरावालाही ती निरुपयोगी, कारण फोमचे टार्गेट चिरून जाते.

टोक घ्यायला येताना धनुष्य आणि जुने दोन-तीन बाण सोबत आणा. ओढीचे वजन (दोरी ओढायला लागणारा जोर) आणि बाणाची लांबी मोजूनच आम्ही टोक सुचवतो.