स्वार नसलेला घोडा

ज्येष्ठ लागला की चिकोडी तालुक्यातल्या अंकलीत शितोळे सरकारांच्या वाड्याकडे आमच्या भागातल्या माणसांचे पाय वळतात. माउलींच्या पालखीचे दोन घोडे इथून निघून पायी आळंदी गाठतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच बसत नाही. तो खुद्द माउलींचा. धार्मिक चळवळीचा पुढारी गेल्यावर त्याच्या जागेचं काय करायचं, या प्रश्नाचं इतकं देखणं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) यांनी या प्रश्नाचा शास्त्रीय विचार केला. लोक एखाद्याच्या मागे जातात ते त्याच्या अंगच्या तेजामुळे. तो गेला की ते तेज कुळाकडे, गादीकडे किंवा नियमांकडे सोपवावं लागतं, आणि त्या सोपवण्यात चळवळीचा स्वभावच पालटतो.

आमच्याकडे हे दोन परंपरांत दिसतं. एक लिंगायतांची, दुसरी वारकऱ्यांची. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणमध्ये (आजच्या बसवकल्याणमध्ये) बसवण्णांभोवतीचे शरण, म्हणजे त्यांचे अनुयायी भक्त, पांगले. बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्यासोबत काही जण उत्तर कन्नडमधल्या उळवीला गेले, असं परंपरा सांगते. पुढे मठ उभे राहिले, पंधराव्या शतकात शरणांची वचनं, म्हणजे कन्नडमधली त्यांची छोटी मुक्त पदं, संकलित झाली. माणसं विखुरली तरी शब्द टिकले. पण जातिभेद मोडायला निघालेल्या चळवळीत पुढे गाद्या आणि पोटजाती आल्या, हेही सांगितलंच पाहिजे.

वारीचं वळण वेगळं. तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीत नेल्या. पुढे घराण्यात मानावरून वाद झाले. मग १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी वेगळी काढली. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते, संतांच्या कुळातले नव्हते. त्यांनी फौजेची शिस्त वारीत आणली: दिंड्यांचा क्रम, मुक्काम, कुणाचा मान कोणता. अंकलीकरांचे घोडेही तेव्हापासूनचेच.

ही शिस्त समाजआरतीला जवळून पाहावी. मुक्कामाच्या तळावर शेकडो टाळ घुमत असतात. चोपदार चोप उंचावतो आणि सगळं एकदम शांत होतं. फक्त ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिकडे जातो आणि गाऱ्हाणं ऐकून घेतो. मगच आरती सुरू होते.