शाळेनंतरच्या कार्यक्रमांचं सरकारी मूल्यमापन (अमेरिका)

शाळा सुटल्यापासून आईवडील कामावरून परत येईपर्यंत, म्हणजे साधारण दुपारी ३ ते संध्याकाळी ६, या वेळात मुलांसाठी चालणाऱ्या कार्यक्रमांची पाहणी आणि अभ्यास करायला केंद्र आणि राज्य सरकारं जो निधी देतात त्याबद्दलची ही नोंद. तिथे राहणारे मराठी आईबाप याला सरळ ‘आफ्टरस्कूल’ म्हणतात. पाळणाघर हा शब्द पूर्ण बसत नाही, कारण यात होमवर्क, खेळ, खाऊ, चित्रकला असं सगळंच येतं.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण १८६० मधल्या हार्टफर्डच्या मुलांच्या क्लबपासून मोजतात. या विषयाचे अभ्यासक रॉबर्ट हॅल्पर्न मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जास्त महत्त्व देतात, बालमजुरी कमी होत गेली, शाळा सक्तीची होत गेली आणि दाटीवाटीच्या वस्त्यांतल्या पोरांना रस्त्याशिवाय जागा उरली नाही म्हणून हे सुरू झालं असं त्यांचं साधारण म्हणणं, आणि ते जास्त पटतं, कारण एका क्लबवरून पुढची सगळी चळवळ समजत नाही. सरकारी पैशाचा धागा मात्र वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धात आया कारखान्यांत गेल्या तेव्हा लॅनहॅम कायद्याखाली मुलांच्या सांभाळासाठी केंद्राचा पैसा आला, त्यात शाळकरी मुलंही होती, पण युद्ध संपलं तसा तोही आटला.

आजची मुख्य योजना म्हणजे ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स’. तिचं वर्ष कोणतं, १९९४ की १९९८? कायद्यात ती १९९४ला आली, पण तेव्हाचा हेतू शाळेची इमारत गावातल्या सगळ्यांना खुली करायची असा होता आणि पहिला निधी जेमतेम ७.५ लाख डॉलर. १९९८ला क्लिंटन सरकारने रोख शाळेनंतरच्या वेळेकडे वळवला, निधी ४ कोटींवर नेला, आणि २००२पर्यंत तो सुमारे १०० कोटी झाला. त्यामुळे आजच्या अर्थाने १९९८ धरणं बरं.

एवढा पैसा म्हटल्यावर उपयोग होतो का हा प्रश्न आलाच. केंद्राच्या शिक्षण खात्याने मॅथेमॅटिका पॉलिसी रिसर्च या संस्थेकडे अभ्यास दिला. पहिला अहवाल २००३च्या सुरुवातीला आला: मुलांच्या शालेय प्रगतीत फारसा फरक नाही. बुश सरकारने लगेच निधी ६० कोटींवर आणायचा प्रस्ताव मांडला. मे महिन्यात सिनेटच्या समितीपुढे हॉलिवूडचे अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर कपातीविरुद्ध बोलले आणि शेवटी काँग्रेसने निधी जवळपास होता तेवढाच ठेवला.

या अभ्यासाची पद्धत नीट बघायला हवी, सगळा वाद तिथेच आहे. प्राथमिक शाळांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुलं निवडली, काही कार्यक्रमात आणि काही बाहेर, ही पद्धत सगळ्यात भरवशाची, पण ती तिथेच जमते जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त असतात, म्हणजे ही केंद्रं देशभरच्या केंद्रांचा नमुना नव्हती. मिडल स्कूलमध्ये (साधारण सहावी ते आठवी) तशी निवड नव्हती, मिळत्याजुळत्या मुलांशी तुलना केली. आणि तिथली मुलं वर्षात सरासरी ३० दिवसांच्या आसपासच आली होती! इतक्या कमी हजेरीवर गुण वाढतील ही अपेक्षाच जड होती. शिवाय पुढच्या अहवालांत प्राथमिकची मुलं शाळेनंतर जास्त सुरक्षित वाटतं म्हणत होती, ते चर्चेत मागेच पडलं. मॅथेमॅटिकाने काम प्रामाणिकपणे केलं यात शंका नाही, पण एका वर्षाच्या निष्कर्षावर ४० कोटी कापायला निघणं चूकच होतं. डुर्लाक आणि वाइसबर्ग या संशोधकांनी २००७ला ७३ कार्यक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की जिथे पायरीपायरीने, करून बघत, ठरवलेल्या कौशल्यावर वेळ देऊन शिकवलं जातं तिथे परिणाम दिसतो, बाकीकडे नाही. ‘कार्यक्रम चालतो का’ यापेक्षा ‘कोणता चालतो’ हा प्रश्न बरा, तो त्यांनी विचारला.

२००२च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या केंद्राच्या शिक्षण कायद्याने ही योजना राज्यांकडे गेली. राज्याला आपल्या वाट्यातले ५ टक्के ठेवता येत, २ कारभाराला आणि ३ देखरेख, प्रशिक्षण, मूल्यमापनाला. २०१५च्या कायद्यात ही मर्यादा ७ टक्के झाली. मूल्यमापनाला वेगळी पेटी नाही, ते प्रशिक्षणाच्याच पैशातून निघतं, त्यामुळे राज्याराज्यांत काम फार असमान होतं.

कॅलिफोर्नियाचा मार्ग स्वतंत्र. नोव्हेंबर २००२मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ४९, म्हणजे शाळेनंतरच्या कार्यक्रमांना राज्याचा पैसा देणारा प्रस्ताव, थेट मतदानाने मंजूर केला, त्यामागेही श्वार्झनेगरच होते, आणि २००६-०७पासून वर्षाला ५५ कोटी डॉलर आले. त्यातले १.५ टक्के मदत, प्रशिक्षण आणि मूल्यमापन या सगळ्याला मिळून. राज्यव्यापी अभ्यास यूसीएलएच्या (लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) संशोधन केंद्राने केला. याच विद्यापीठाने आधी लॉस एंजेलिसच्या १९८८ला सुरू झालेल्या ‘एलएज् बेस्ट’ या शाळेनंतरच्या कार्यक्रमातली मुलं वर्षानुवर्षं पाहिली होती.

मागणी किती, याची सलग पाहणी मात्र सरकारची नाही, आफ्टरस्कूल अलायन्स या संस्थेची. तिच्या पाहणीत २०१४ला १.०२ कोटी मुलं कार्यक्रमात होती, २०२०ला ७८ लाख, आणि जागा मिळाली तर येतील अशी आणखी २.४६ कोटी.