ग्रामीण विदर्भातील रुग्णसुरक्षा : संशोधन आणि लोकपाठपुरावा

उपचारातली चूक, उशीर किंवा साधनांचा तुटवडा यांमुळे रुग्णाला होणारी टाळता येण्याजोगी इजा रोखणे म्हणजे रुग्णसुरक्षा. ग्रामीण विदर्भात अशी बरीचशी इजा उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि मेडिकल कॉलेज यांच्यामधल्या वाटेवर होते. कोणा एकाच्या नोंदवहीत ती पूर्ण दिसत नाही. त्यामुळे मोजमाप करणारी महाविद्यालये व संशोधन संस्था आणि मागणी लावून धरणाऱ्या गाव समित्या यांचे एकमेकांवाचून अडते.

या भागातले सर्वांत परिचित उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. देशव्यापी योजनेत २०११ साली आशांच्या घरभेटी आल्या : रुग्णालयातील बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरच्या बाळंतपणात पहिल्या दिवशीही. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिले गेले नाही. पुरावा भक्कम असला तरी धोरण त्यातले सोयीचे तेवढे आधी उचलते.

पाठपुराव्याची बाजू अमरावती जिल्ह्यात दिसते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये राज्यातील ज्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यांत अमरावती होता. गावकरी आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देतात आणि तो जनसुनावणीत अधिकाऱ्यांपुढे ठेवतात. “औषध मिळत नाही” एवढ्याने तिथे काही हलत नाही. कोणते औषध, कोणत्या तारखेला, चिठ्ठी बाहेरची दिली का, हे कागदावर लागते.

सर्पदंशात चूक कुठे शिरते हे काचेच्या एका नळीत दिसते. काही सापांच्या विषाने रक्त गोठत नाही. ते गोठते का, हे पाहण्यासाठी २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात, मग नळी एकदा तिरपी करतात. गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते. म्हणून प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर निरोगी माणसाचेही रक्त पातळच राहू शकते आणि प्रतिविष विनाकारण चढते. मधेच नळी हलवून पाहण्याची घाईही निकाल बिघडवते. उपाय साधा आहे : त्याच खोक्यातल्या दुसऱ्या नळीत निरोगी नातेवाइकाचे रक्त घ्यावे. तेही गोठले नाही तर दोष नळीचा. प्रतिविषाच्या सुरुवातीच्या १० कुप्या लहान मुलालाही तेवढ्याच लागतात, कारण साप वजन पाहून विष सोडत नाही. प्रतिविषाची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवावे. रेफर चिठ्ठीवरची वेळ व तपासणी मेडिकल कॉलेजच्या केसपेपरशी महिन्याकाठी ताडली, तरच अशा चुका सापडतात.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. चर्चा बहुतेक हातमोजे-मास्कभोवतीच फिरली. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या पिकात, पाठीवर पंप घेऊन ते घालून दिवसभर राबणे किती शक्य आहे, हे कमी विचारले गेले. उपचाराचा प्रश्न वेगळाच असतो. ऑरगॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाच्या विषबाधेत प्रौढाला ॲट्रोपिन या उताऱ्याचा पहिला डोस साधारण १.८ ते ३ मिग्रॅ, म्हणजे ०.६ मिग्रॅच्या ३ ते ५ कुप्या. दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट, छातीतली घरघर थांबून नाडी ८० च्या वर जाईपर्यंत. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहून डोस ठरवला की चुकते. उलट, विष त्या गटातले नसतानाही ॲट्रोपिन चालूच ठेवले तर रुग्ण बडबडतो, तापतो, लघवी अडते. म्हणून फवारणीचा डबा, निदान त्याचे लेबल, रुग्णासोबत पाठवण्याची सवय गावात लावावी लागते. अनेकदा फवारणीची दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळलेली असतात. तेव्हा सगळेच डबे पाठवावेत.

भागीदारी बहुधा दोन ठिकाणी फसते. पहिले, माहिती गोळा होते, प्रबंध निघतो, पण ज्या केंद्रातून ती घेतली तिथे निष्कर्ष पोहोचत नाहीत. पुढच्या वेळी तिथली परिचारिका रकाने कसेबसे भरते. दुसरे, जनसुनावणीत एखाद्या कर्मचाऱ्यालाच धारेवर धरले की चुका लपवल्या जातात. चूक झाल्याची नोंद नावाशिवाय घेणे आणि निष्काळजीपणाची तक्रार वेगळ्या वाटेने नेणे, हा भेद सुरुवातीलाच लेखी ठरवावा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण किंवा नातेवाईक स्वतःही राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करू शकतात. औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि ते कधी सुरू केले ही तारीख जवळ असावी, म्हणून रिकामे पाकीट फेकू नये.