आकडा लपवायचा की दाखवायचा? रील्स, मुली आणि कोकण किनारा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लग्नाच्या बायोडाटात 'वर्ण : निमगोरा' ही ओळ फोन येण्याच्या फार आधीपासून आहे. १९७५ मध्ये बाजारात आलेलं गोरेपणाचं क्रीम आणि १९९४ मध्ये एकाच वर्षी देशाला मिळालेले दोन विश्वसुंदरी किताब यांनी त्याच मापाला झळाळी दिली. तरी मुलीची तुलना व्हायची ती वाडीतल्या नाहीतर नात्यातल्या मुलींशीच.

२०१६ च्या सप्टेंबरपासून डेटा स्वस्त झाला. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. तारकर्ली, आरे-वारे, गुहागर ही मग ठिकाणांपेक्षा बॅकग्राउंड म्हणूनच जास्त दिसू लागली. भर दुपारच्या उन्हात शूट केलेल्या या रील्समध्ये रापलेला चेहरा मात्र शोधून सापडत नाही.

खरा वाद लाइकच्या आकड्याचा. हा आकडा इतरांना दिसू नये असा प्रयोग इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये काही देशांत सुरू केला. तुलनेचं दडपण कमी करायचं, हा हेतू सांगितला गेला. मे २०२१ मध्ये निर्णय झाला तो अर्धवट: ज्याला हवं त्याने लपवावं. त्याच वर्षी सप्टेंबरात फुटलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत दोन गोष्टी होत्या. आकडे लपवून किशोरवयीनांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडलेला नव्हता. आणि शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितलं होतं. निष्कर्ष मोडूनतोडून मांडले, असं कंपनीचं म्हणणं. पाहणी परदेशातली होती, हेही खरं.

पण ऐच्छिक ठेवण्यातच पळवाट आहे. मालवणात साडीच्या दुकानाची नाहीतर होमस्टेची जाहिरात करून चार पैसे मिळवणारी मुलगी आकडा लपवेल कशाला? दुकानदार तोच तर आधी विचारतो! आणि तिने नाही लपवला, की बघणाऱ्या मुलींसमोर तो असतोच.

१४ जून २०२१ पासून जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमनाची नियमावली लागू झाली. पैसे घेतले असतील तर तसं लिहायचं, आणि उत्पादनाचा परिणाम फुगवून दाखवणारा फिल्टर वापरायचा नाही. हे दुसरं कलम फारसं कुणाच्या कानावर गेलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामवरून बाहेरच्यांनी बनवलेले फिल्टर गेले. त्वचा गुळगुळीत करणारे बरेचसे त्यांतलेच होते. फोनच्या कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड मात्र तसाच आहे.