नेटवर्कपलीकडची डिस्क आणि ‘लिहिले’ या उत्तराचा इतिहास

एका संगणकातील डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला जोडून देणे आज काही मिनिटांचे काम आहे. सर्व्हरवर एखादी फाइल किंवा पार्टिशन खुले करायचे, क्लायंटवर, म्हणजे ती वापरणाऱ्या संगणकावर, एक कमांड द्यायची, की तिथे नवी डिस्क दिसू लागते. तिच्यावर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली कुठे ठेवल्या आहेत याची मांडणी, घालता येते, आणि ती डिस्क दुसऱ्याच यंत्रात आहे याचा वरच्या प्रोग्रामना पत्ताही लागत नाही. ही सगळी सोय सर्व्हरकडून येणाऱ्या एका छोट्या उत्तरावर विसंबून आहे. सर्व्हर ‘लिहिले’ असे कळवतो, तेव्हा तो डेटा नेमका कुठे पोहोचलेला असतो? या तंत्राचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास माझ्या मते बऱ्याच अंशी याच प्रश्नाचा इतिहास आहे, आणि चाचणी घेताना सर्वाधिक दुर्लक्षही याच प्रश्नाकडे होते.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्क महाग होत्या, म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने स्वतःची डिस्क नसलेल्या वर्कस्टेशनसाठी ‘एनडी’, म्हणजे नेटवर्क डिस्क, हा प्रोटोकॉल वापरात आणला. सर्व्हरच्या डिस्कचा एकेक तुकडा एकेका वर्कस्टेशनला नेमून दिलेला असे आणि मागणी फक्त ब्लॉकच्या, म्हणजे डिस्कवरील ठरावीक आकाराच्या कप्प्याच्या, क्रमांकाने होई. ब्लॉकच्या पातळीवर काम करणाऱ्या सर्व्हरला फाइल म्हणजे काय हेच ठाऊक नसते. त्यामुळे एकाच तुकड्यावर अनेक यंत्रांनी लिहिण्याची सोय तिथे नव्हती. १९८०च्या दशकाच्या मध्यास आलेल्या एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइलीच वाटून देणाऱ्या प्रणालीने, ही अडचण फाइलच्या पातळीवर सोडवली आणि दोन वाटा वेगळ्या झाल्या. हा भेद जुना झालेला नाही. आजही एकच नेटवर्क डिस्क दोन संगणकांवर एक्स्ट-४ सारख्या साध्या फाइल सिस्टिमने एकाच वेळी लिहिण्यासाठी माउंट केली, तर कोणते ब्लॉक मोकळे आहेत याची नोंद प्रत्येक संगणक आपापल्या मेमरीत ठेवतो, दुसऱ्याने काय लिहिले ते त्याला कळत नाही, आणि थोड्याच वेळात फाइल सिस्टिम बिघडते.

ब्लॉकची वाट मोठ्या यंत्रणांमध्ये पुढे सरकत राहिली. १९८६ मध्ये संगणकाला डिस्क जोडण्याचे ‘स्कझी’ हे तंत्र अमेरिकी मानक झाले. पण त्याची साधी समांतर केबल जेमतेम ६ मीटरपर्यंत चाले. १९९४ मध्ये मानक म्हणून मान्य झालेल्या फायबर चॅनलने स्कझीच्याच आज्ञा कितीतरी दूर नेल्या, परंतु त्यासाठी वेगळी कार्डे, वेगळे स्विच आणि ते सांभाळणारी माणसे लागत.

साध्या इथरनेटवर हे काम सर्वांच्या आवाक्यात आणणारा प्रयत्न मला आजही सर्वांत देखणा वाटतो. १९९७ मध्ये पावेल माखेक यांनी लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे एनबीडी, लिहिले. क्लायंटची मूळ स्वरूपाची मागणी केवळ २८ बाइटांची: ४ बाइटांचा ओळखक्रमांक, वाचायचे की लिहायचे हे सांगणारे ४ बाइट, मागणी आणि उत्तर यांची जोडी लावण्यासाठी ८, डिस्कवरील जागेसाठी ८ आणि लांबीसाठी ४. उत्तराचे शीर्ष १६ बाइटांचे. पहिल्या बाइटापासून शेवटच्या बाइटापर्यंत सगळा व्यवहार कागदावर मांडून तपासता येतो, आणि शिकणाऱ्याने नेटवर्क स्टोरेजची सुरुवात इथूनच करावी असे मी आग्रहाने सांगेन.

उद्योगजगताने मात्र आयस्कझीची वाट धरली. स्कझीच्या आज्ञा टीसीपीतून, म्हणजे इंटरनेटवर डेटा क्रमाने आणि खात्रीने पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलमधून, नेणारे हे मानक एप्रिल २००४ मध्ये आरएफसी ३७२० या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजातून प्रसिद्ध झाले. लॉगिन, ओळख पटवणे, चुकांतून सावरणे या सर्वांचे नियम त्यात असल्यामुळे ते अडीचशे पानांच्या घरात गेले. त्याच सुमारास कोरेड कंपनीने एटीए ओव्हर इथरनेट आणले. त्यात टीसीपी नव्हते आणि राउटरना लागणारे आयपीही नव्हते, म्हणून ते हलके होते आणि राउटरपलीकडे जाऊ शकत नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रत्यक्ष डिस्कला स्वतःची कॅश, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवण्याची वेगवान मेमरी, असते, म्हणून कर्नल तिला अधूनमधून ‘फ्लश’ म्हणजे ‘कॅशमधले सगळे पक्क्या जागी उतरव’ अशी आज्ञा देते. स्कझीत तशी आज्ञा होतीच. एनबीडीच्या मूळ आराखड्यात ती नव्हती, पुढे तिची भर पडली. तोपर्यंत सर्व्हरने ‘लिहिले’ म्हटले तरी डेटा त्याच्या मेमरीतच असण्याची शक्यता राही, आणि क्लायंटला खात्री करून घेण्याचा मार्ग नसे. या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला डीआरबीडीत सापडते. दोन संगणकांवर एकाच डिस्कच्या प्रती सांभाळणारी ही प्रणाली २०१० मध्ये लिनक्स २.६.३३ मध्ये दाखल झाली. तिच्यात तीन पद्धतींपैकी एक निवडावी लागते. ‘ए’ पद्धतीत स्थानिक डिस्कवर लिहून झाले आणि डेटा पाठवण्याच्या रांगेत लागला की काम झाले असे मानतात; ‘बी’ पद्धतीत तो समोरच्याच्या मेमरीत पोहोचावा लागतो; ‘सी’ पद्धतीत समोरच्याच्या डिस्कवर. वेग आणि खात्री यांची देवघेव इथे सेटिंगच्या एका ओळीत उघडपणे मांडली आहे.

चाचणीच्या पद्धतीही याच अनुभवातून घडल्या. नवी डिस्क जोडली की बहुतेक जण ‘डीडी’ कमांडने एक मोठी फाइल लिहून वेग पाहतात. एक गिगाबिटच्या केबलमधून सेकंदाला १२५ मेगाबाइटांपेक्षा जास्त डेटा जाऊच शकत नाही. तरीही पडद्यावर त्याच्या कितीतरी पट आकडा दिसतो, कारण मोजमाप क्लायंटच्या स्वतःच्या मेमरीचे झालेले असते. शेवटी फ्लश करायला लावले किंवा कॅश टाळून थेट लिहिले, तरच आकड्याला अर्थ येतो. लहान मागण्यांचे गणित आणखी वेगळे आहे. नेटवर्कच्या एका फेरीला ०.२ मिलिसेकंद लागत असतील आणि ४ किलोबाइटांच्या मागण्या एकामागून एक जात असतील, तर सेकंदाला ५,००० मागण्या, म्हणजे सुमारे २० मेगाबाइट, एवढीच मर्यादा पडते, मग केबल कितीही रुंद असो. रांगेत एकाच वेळी अनेक मागण्या ठेवल्या की हाच आकडा वाढतो. एसएसडीसाठीच्या एनव्हीएमई आज्ञा नेटवर्कवरून नेणारे २०१६ चे एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स आणि २०१८ मध्ये मान्य झालेली त्याची टीसीपीवरील आवृत्ती यांची रचना मुळातच अनेक समांतर रांगांवर बेतलेली आहे ती यासाठीच.

पण वेगाची चाचणी म्हणजे निम्मेच काम. ‘एनबीडीकिट’सारख्या सर्व्हरमध्ये मुद्दाम विलंब लावणारे आणि चुका घडवणारे फिल्टर आहेत, ते वापरून क्लायंट कसा वागतो ते पाहता येते. सर्व्हरचा प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, मारून खात्रीची चाचणी झाली असे मात्र मानू नये, कारण प्रोसेस गेला तरी त्याने लिहिलेला डेटा सर्व्हरच्या कर्नलच्या कॅशमध्ये शाबूत असतो आणि सावकाश डिस्कवर उतरतो. त्यासाठी वीजच तोडावी लागते. क्लायंटने चढत्या क्रमाने आकडे लिहावेत, प्रत्येक आकड्यानंतर फ्लश करावे आणि त्याचे उत्तर आले की तो आकडा तिसऱ्या संगणकावर नोंदवावा. मग मध्येच सर्व्हरचा प्लग उपटावा आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर डिस्कवरचा शेवटचा आकडा वाचावा. तो नोंदलेल्या शेवटच्या आकड्याइतका किंवा त्याहून एखाद्याने जास्त असला तर ठीक. कमी भरला, तर कॅशच्या साखळीतली कोणती तरी कडी न उतरवताच ‘लिहिले’ म्हणते आहे, आणि ती सापडेपर्यंत त्या डिस्कवर कामाचा डेटा ठेवू नये.