डायव्हर्जन्स कोडला नेमका केव्हा दिसतो?

तांत्रिक विश्लेषण शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात डायव्हर्जन्स हा हमखास रंगणारा भाग असतो. चार्टवर भावाची दोन शिखरं, दुसरं पहिल्याहून उंच. खाली आरएसआयची, म्हणजे भावाच्या चालीतला जोर मोजणाऱ्या निर्देशांकाची रेघ, तिचं दुसरं शिखर मात्र पहिल्याहून ठेंगणं. भाव वर गेला पण जोर ओसरला, तेव्हा आता घसरण येणार असं सांगितलं जातं आणि चार्टवर पुढे घसरण दिसतेही. उलट बाजूला, भाव नवा तळ गाठतो पण आरएसआय आधीच्या तळाच्या वरच थांबतो, तो तेजीचा डायव्हर्जन्स. जुने चार्ट उघडून बसलं तर अशी उदाहरणं रग्गड मिळतात. मग हाच नियम पायथनमध्ये उतरवून संगणकाकडून सौदे करून घ्यावेत असं वाटणं साहजिक आहे. ब्रोकरांच्या एपीआयमुळे, म्हणजे आपला कोड ब्रोकरच्या यंत्रणेला जोडणाऱ्या दुव्यामुळे, ते आता घरबसल्या करताही येतं.

कोड लिहायला बसलं की मात्र पहिल्या काही ओळींतच अडायला होतं. शिखर कशाला म्हणायचं हे संगणकाला सांगावं लागतं, आणि ते शिखर आहे हे त्याला कोणत्या क्षणी कळणार हेही ठरवावं लागतं. माझ्या मते डायव्हर्जन्सबद्दलचे बाकीचे सगळे वाद या एका प्रश्नापुढे दुय्यम आहेत.

त्याआधी आरएसआयचं गणित पाहू, कारण ते फार सोपं आहे आणि तरीही फार कमी जण एकदा तरी हाताने करून बघतात. जे. वेल्स वाइल्डर या अमेरिकी मेकॅनिकल इंजिनिअरने १९७८ मध्ये हा निर्देशांक मांडला. १४ सत्रांमध्ये भाव जितका चढला त्याची बेरीज घ्यायची, जितका उतरला त्याचीही घ्यायची. दोन्ही मिळून जी एकूण हालचाल झाली, तिच्यात चढाचा वाटा किती टक्के, तोच आरएसआय. समजा एक शेअर १४ सत्रांत १,००० वरून १,०२८ वर गेला. वाटेत तो एकूण ४२ रुपये चढला आणि १४ रुपये उतरला. हालचाल ५६ रुपयांची, त्यात चढ ४२ चा, म्हणजे आरएसआय ७५. पुढच्या १४ सत्रांत तो ३५ रुपये चढला, २१ उतरला आणि १,०४२ वर पोचला. हालचाल पुन्हा ५६ चीच, पण चढाचा वाटा ३५, म्हणजे आरएसआय ६२.५. भावाचं शिखर १४ रुपयांनी उंच, आरएसआयचं शिखर साडेबारा अंकांनी खाली. पुस्तकात शोभावा असा मंदीचा डायव्हर्जन्स तयार झाला.

आता ६२.५ या आकड्याकडे नीट बघा. या १४ सत्रांतही चढ उतारांपेक्षा बराच जास्त आहे. शेअर वर जातोय, फक्त आधीपेक्षा हळू जातोय. शाळेतल्या भौतिकशास्त्रात आपण शिकलो होतो की त्वरण ऋण असलं तरी वेग धन असू शकतो, आणि वस्तू पुढेच जात राहते. डायव्हर्जन्स आपल्याला त्वरणाबद्दल काही सांगतो. दिशा उलटेल की नाही, हे त्या आकड्यात नसतं. तेजी मंदावून भाव आडवा चालू लागला तरी हेच चित्र दिसतं, आणि तेजीने दम खाऊन पुन्हा उसळी घेतली तरी हेच.

आरएसआय ० ते १०० च्या मर्यादेत कोंडलेला आहे, हीसुद्धा लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. भावाला अशी वरची मर्यादा नाही. जोरदार तेजीत पहिल्या शिखरावरच आरएसआय ८५ ला पोचला, तर दुसऱ्या शिखरावर त्याने ८५ ओलांडायला वाव कितीसा उरतो? म्हणजे तेजी जितकी दमदार, तितकी डायव्हर्जन्स दिसण्याची शक्यता जास्त. अशा तेजीत प्रत्येक डायव्हर्जन्सवर शॉर्ट करणाऱ्याचं, म्हणजे भाव पडेल या आशेने आधी विकणाऱ्याचं, खातं रिकामं व्हायला वेळ लागत नाही. घसरणीतही तेच होतं. ९ मार्च २०२० ला निफ्टी १०,४५१ वर बंद झाला, तेव्हा १४ दिवसांचा आरएसआय ३० च्या बराच खाली होता. ३० च्या खाली म्हणजे नियमाप्रमाणे बाजार ओव्हरसोल्ड, गरजेपेक्षा जास्त पडलेला आणि आता वर फिरायला हवा असा. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर बंद झाला, आणखी २७ टक्के खाली.

जोर मोजणारा दुसरा निर्देशांक, जेराल्ड ॲपल यांचा एमएसीडी, १२ आणि २६ सत्रांच्या घातांकी (ताज्या भावांना जास्त वजन देणाऱ्या) सरासऱ्यांमधला फरक मोजतो. त्याला आरएसआयसारखी वरची-खालची मर्यादा नाही, पण तो सरासऱ्यांवरच उभा असल्याने मागे पडतो. डायव्हर्जन्सची मूळ अडचण दोघांनाही सारखीच आहे.

ती अडचण अशी. कोडमध्ये शिखराची नेहमीची व्याख्या असते: ज्या कँडलचा (चार्टवरच्या एका कालखंडाच्या पट्टीचा) उच्चांक आधीच्या ५ आणि नंतरच्या ५ कँडलच्या उच्चांकांपेक्षा मोठा, ते शिखर. 'नंतरच्या ५' हे शब्द सहज लिहिले जातात, पण त्यांचा अर्थ असा की दिवसाच्या चार्टवर शिखर झाल्याचं आपल्याला पाच सत्रांनी, म्हणजे बाजाराच्या एका आठवड्याने कळतं. १५ मिनिटांच्या चार्टवर ५ कँडल म्हणजे ७५ मिनिटं. आपला बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं चालतो. दिवसाचा पाचवा हिस्सा शिखराची खात्री करण्यातच जातो. ५ च्या जागी २ घेतलं तर कळतं लवकर, पण खोटी शिखरं कितीतरी वाढतात.

बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या डेटावर नियम चालवून पाहताना, मात्र सगळा डेटा आधीच समोर असतो. पायथनच्या सायपाय लायब्ररीतलं शिखर शोधणारं फंक्शन संपूर्ण मालिकेवर चालवलं किंवा पांडाज लायब्ररीत शिफ्टला उणे पाच देऊन पाच ओळी पुढचा आकडा आजच्या ओळीत आणला, की शिखराच्या दिवशीच शिखर सापडतं. कोड चूक दाखवत नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने चूक नसतेच. वरच्याच शेअरचा हिशेब करून पाहू. शिखर १,०४२. बॅकटेस्ट त्याच संध्याकाळी १,०४१ ला शॉर्ट करतो, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा घेऊन बाहेर पडायचा भाव, १,०४६, लक्ष्य १,०१०. जोखीम ५ रुपयांची, मिळकत ३१ ची, गुणोत्तर सहापट. प्रत्यक्षात खात्री झाली तेव्हा भाव १,०२४ वर आलेला. स्टॉपलॉस आणि लक्ष्य तेच ठेवलं तर जोखीम २२ ची आणि मिळकत १४ ची.

याहून मोठा घोळ डोळ्यांना दिसतच नाही. १,०४२ हे शिखर मानलंय याचाच अर्थ पुढचे पाच दिवस भाव १,०४२ च्या वर गेलेला नाही. मग १,०४६ चा स्टॉपलॉस त्या पाच दिवसांत लागणं गणितानेच अशक्य. जिथे डायव्हर्जन्स दिसला, आपण शॉर्ट केलं असतं आणि भावाने आपल्याला चिरडून नवा उच्चांक गाठला असता, असे सगळे सौदे व्याख्येनेच गाळले गेले. तोट्याचे सौदे आधीच काढून टाकलेल्या यादीवर नफ्याची टक्केवारी काढली, तर ती सुंदर येणारच. असे बॅकटेस्ट दाखवून स्ट्रॅटेजी विकल्या जातात आणि लोक त्यावर कष्टाचे पैसे लावतात, म्हणून मला हा मुद्दा इतका जिव्हाळ्याचा वाटतो.

दुसरी गफलत कोड लाइव्ह, म्हणजे चालू बाजारात चालवताना होते. वर सोयीसाठी साधी बेरीज घेतली, पण वाइल्डरची सरासरी साधी नाही. पहिली सरासरी काढली की पुढे दर वेळी जुन्या सरासरीचे १३ भाग आणि नव्या आकड्याचा १ भाग घेतला जातो, त्यामुळे जुन्या आठवणी हळूहळूच पुसल्या जातात. बॅकटेस्टला दहा वर्षांचा डेटा दिला आणि लाइव्ह कोडने एपीआयकडून फक्त शेवटच्या ३० कँडल मागवल्या, तर सुरुवातीच्या सरासरीचं वजन शेवटच्या आकड्यात अजून एक तृतीयांशाच्या आसपास असतं. दोन्हीकडचा आरएसआय वेगळा येतो, आणि दोन-चार अंकांच्या फरकाने डायव्हर्जन्स होतो किंवा होत नाही. दोनशेच्या वर कँडल मागवल्या की हा प्रश्न मिटतो.

मोमेंटममध्ये, म्हणजे भावाच्या चालीतल्या जोरात, काहीच तथ्य नाही, असा याचा अर्थ नव्हे. नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९९३ मध्ये अमेरिकी शेअर्सच्या १९६५ ते १९८९ च्या आकडेवारीवरून दाखवलं की गेल्या ३ ते १२ महिन्यांत पुढे असलेले शेअर्स पुढच्या काही महिन्यांतही सरासरीने पुढे राहतात. एनएसईचा निफ्टी२०० मोमेंटम ३० हा निर्देशांक याच विचारावर उभा आहे: ६ आणि १२ महिन्यांचा परतावा, त्याला चढउताराने भागायचं, वरचे ३० शेअर्स घ्यायचे, वर्षातून दोनदा यादी बदलायची. हे मोमेंटमही बेभरवशाचं होऊ शकतं. मार्च ते मे २००९ या तीन महिन्यांत अमेरिकेतले सर्वाधिक पडलेले शेअर्स १६३ टक्के उसळले, तर आधीचे विजेते फक्त ८ टक्के वाढले. पण इथला दावा मुळात वेगळा आहे, ही गोष्ट चर्चेत हरवते. जेगदीश-टिटमन म्हणतात की चाल टिकते. डायव्हर्जन्स म्हणतो की चाल उलटेल. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही.

डायव्हर्जन्सची परीक्षा घ्यायची तर योगायोगाशी तुलना करावी लागते. १९५९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या हॅरी रॉबर्ट्स यांनी निव्वळ यादृच्छिक आकड्यांपासून चार्ट तयार केले आणि ते हुबेहूब बाजारासारखे दिसले. आज हे कुणालाही लॅपटॉपवर करता येतं. नाणेफेकीसारख्या आकड्यांची मालिका बनवा, तिच्यावर तुमचा डायव्हर्जन्स शोधणारा कोड चालवा. तिथेही डायव्हर्जन्स भरपूर सापडतील, आणि तिथे तर त्यांना अर्थ असूच शकत नाही. खऱ्या निफ्टीवरचा निकाल या खोट्या मालिकांवरच्या निकालापेक्षा स्पष्टपणे सरस असेल, तरच पुढे बोलण्यात हशील. शिवाय आरएसआयचा कालावधी २१ प्रकारे, शिखराची रुंदी ७ प्रकारे, दोन शिखरांतलं अंतर ४ प्रकारे आणि स्टॉपलॉस ५ प्रकारे बदलून पाहिला, तर २,९४० स्ट्रॅटेजी होतात. त्यातल्या ५ टक्के योगायोगाने चांगल्या दिसल्या, तरी १४७ झाल्या. त्यातली सर्वोत्तम उचलून 'सापडली' म्हणणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडून आकडे निवडायची पद्धत शिकणं.

खर्च वेगळाच. डिलिव्हरीच्या सौद्यात खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी हा कर लागतो, वर स्टँप ड्युटी, एक्स्चेंजचं शुल्क आणि ठरलेल्या भावाला सौदा न मिळाल्याने जाणारे पैसे. ज्या संकेताची सरासरी मिळकत ०.३ टक्के आहे, त्याच्या हाती फारसं काही उरत नाही.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी एफअँडओतल्या (फ्युचर्स आणि ऑप्शन्समधल्या) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, आणि तो १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. याच अहवालात असंही आहे की विदेशी संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशावर सौदे करणाऱ्या प्रोप्रायटरी ट्रेडर्सच्या नफ्यातला ९६ टक्के हिस्सा अल्गोमधून, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून आला. हा दुसरा आकडा जाहिरातींत फार वापरला जातो. मोठ्या संस्थांचे अल्गो रोखीच्या आणि फ्युचरच्या भावांतला फरक टिपतात, दोन्ही बाजूंचे भाव देत बसतात, सेकंदाच्या सूक्ष्म अंशात ऑर्डर बदलतात. आरएसआयच्या दोन शिखरांवरून चालणाऱ्या घरगुती स्क्रिप्टशी त्यांची तुलना होत नाही.

डायव्हर्जन्स वापरायचाच असेल, तर तो उलट दिशेने उडी मारण्यासाठी न वापरता हातातल्या सौद्याचा आकार कमी करण्यासाठी वापरावा, असं माझं मत आहे. जोर ओसरतोय एवढंच तो सांगतो, आणि तेवढ्याला आकार कमी करणंच शोभतं. कोड प्रामाणिक आहे का हे तपासायची एक साधी रीत आहे. सगळा डेटा एकदम देऊन मिळालेली संकेतांची यादी तारखांसह जतन करा. मग डेटा रोज एकेका सत्राने वाढवत, जणू पुढचा दिवस अजून उजाडलाच नाही अशा रीतीने, तोच कोड पुन्हा चालवा आणि प्रत्येक संकेत पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला ते लिहीत जा. दोन्ही याद्यांतल्या तारखा जुळल्या नाहीत, तर बॅकटेस्टचा नफा भविष्यातून उसना आणलेला आहे.