हळद जास्त शिजवली की रंग चढतो? नाही!

हिंगोली, वसमत, नांदेडकडे काढणी सुरू झाली की एक सल्ला हमखास ऐकू येतो: ‘अजून थोडी शिजू द्या, रंग चढेल.’ हे चूक आहे. पिवळेपणा कंदात आधीच असतो. शिजवताना कंदातले पिष्ट (स्टार्च) चिकट होते, रंग हळकुंडात सारखा पसरतो, कच्चा वास जातो आणि वाळवण लवकर होते. शिजवण्याचे काम एवढेच. जास्त वेळ ठेवल्यास रंग उलट काळपट पडतो. कमी शिजल्यास वाळलेली हळद ठिसूळ होते.

जेठे गड्डे (मधले मुख्य कंद) आणि हळकुंडे (त्यांना फुटलेली बोटे) वेगळी करून शिजवा. गड्ड्यांना वेळ जास्त लागतो, एकत्र घातली तर एक कच्चे आणि दुसरे जादा शिजलेले निघणारच. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत शिजवून घ्या. काहिलीत कंद बुडेल इतके पाणी घाला. साधारण 45 ते 60 मिनिटांत फेस येतो, पांढरी वाफ आणि हळदीचा खास वास सुटतो. वाफेच्या कुकरमध्ये वेळ कमी लागतो, म्हणून घड्याळापेक्षा काडीवर विश्वास ठेवा: बोथट काडी हळकुंडात सहज घुसली की लगेच उतरवा.

मग ताडपत्रीवर 5 ते 7 सेंटिमीटर थर. पातळ थर लवकर वाळेल खरा, पण रंग फिका पडू शकतो. रात्री गोळा करून झाका, कारण फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी पाऊस सांगून येत नाही. दहा-पंधरा दिवसांनी हळकुंड मोडून बघा. खणखणीत आवाज आला तरच पॉलिशला न्या.